वाचक विचारतात : घरच्या रेकॉर्डिंगला कोणतं सॉफ्टवेअर?

या खेपेच्या बहुतेक पत्रांचा रोख सॉफ्टवेअरवर आहे. माइक कुठे ठेवावा, खोलीचा घुमारा कसा कमी करावा, हे जवळपास कुणीच विचारलेलं नाही. आणि घरच्या रेकॉर्डिंगचं नुकसान होतं ते नेमकं तिथे. असो. विचारलंय त्याची उत्तरं देते. माझी बाजू आधीच सांगून ठेवते : मी स्टुडिओत ध्वनिमुद्रक होते आणि हल्ली लोकांनी घरी रेकॉर्ड केलेली गाणी मिक्स करून देते. सॉफ्टवेअर दिसायला किती देखणं आहे याच्याशी मला देणंघेणं नाही. त्यातून बाहेर आलेल्या फाइली धड असल्या की झालं.

प्रश्न : ताई, मी गिटार वाजवतो आणि गातो. विंडोजचा जुना लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅमचा. एक यूएसबी इंटरफेस (माइक-गिटार लॅपटॉपला जोडणारी डबी) आणि माइक घेतला आहे. आधी गिटार, त्यावर आवाज, मग दुसरा आवाज असं थर चढवत जायचं आहे. कुणी ऑडॅसिटी सांगतं, कुणी रीपर. एक मित्र म्हणतो, स्टुडिओत वापरतात ते महागडं सॉफ्टवेअर क्रॅक करून देतो. काय करू?

उत्तर : क्रॅकचं आधी निकालात काढू. ते बेकायदा आहे हे तुमच्या मित्रालाही ठाऊक असणार, तेव्हा प्रवचन नको. व्यवहाराचं बोलते. अशी प्रत बसवताना पहिलीच सूचना बहुधा असते, ‘अँटिव्हायरस बंद करा’. ज्या लॅपटॉपवर तुमचे पासवर्ड आणि बँकेची कामं आहेत, त्यावर हे करायचं? शिवाय अपडेट घेण्याची सोय नाही. विंडोज मात्र स्वतःचे अपडेट घेत राहतं, आणि मग एके सकाळी प्रोजेक्ट उघडतच नाही. दाद मागायला जागा नाही. चांगली साधनं फुकटात मिळत असताना हे विकतचं दुखणं कशाला?

आता उरलेले दोघं. ऑडॅसिटीचं काम १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालं आणि २००० मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. मुळात ते आवाजाची फाइल उघडून कापाकापी करण्याचं साधन. तो पिंड आजही जाणवतो. वर्षानुवर्षं त्यात इफेक्ट दिला की तो थेट मूळ ध्वनीत मुरायचा. आवाजावर रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, टाकला, आठवड्यानं तो जास्त वाटला, तर कमी करायचा मार्गच नाही, पुन्हा गा. २०२१ च्या ३.१ आवृत्तीपासून कापलेली कडा पुन्हा ओढून मागचं परत आणता येतं, आणि २०२२ च्या ३.२ पासून इफेक्ट चालू गाण्यावर लावता, काढता, कमी-जास्त करता येतात. म्हणून ‘ऑडॅसिटीत गाणं होत नाही’ हा जुना सल्ला आता निम्मा शिळा झाला आहे. निम्मा अजून खरा आहे : मिडी कीबोर्ड (कोणता सूर दाबला एवढंच संगणकाला कळवणारा) जोडून संगणकातली वाद्यं वाजवणं या तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे ३.० पासूनच्या, ऑडॅसिटीत जमत नाही, आणि तीन-चार आवाज एकत्र करून त्या सगळ्यांना मिळून एकच कॉम्प्रेसर (जोरकस आणि हळू आवाजातला फरक कमी करणारा) लावायचा म्हटलं की तारांबळ उडते.

रीपर हे पहिल्यापासून मल्टिट्रॅक कामासाठीच, म्हणजे एकावर एक थर (ट्रॅक) चढवण्यासाठीच, लिहिलेलं आहे. संगणकावर गाणी वाजवणारं विनॅम्प आठवतं? ते बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलच्याच कंपनीचं हे अपत्य. डाउनलोड अगदी लहान आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही ते धावतं; तुमच्या ८ जीबीत दहा-बारा ट्रॅक सहज निघतील. ६० दिवस पूर्ण सॉफ्टवेअर वापरायला मिळतं, एकही खण कुलूपबंद नसतो. मुदत संपल्यावर ते बंद पडत नाही, उघडताना परवाना घेण्याची आठवण तेवढी करून देतं. (या सभ्यपणाचा फायदा उठवणारे मी पुष्कळ पाहिलेत. परवाना घ्या.) घरगुती वापरासाठी सवलतीचा परवाना आहे, त्यात काहीही कापलेलं नसतं, आणि आजच्या मुख्य आवृत्तीचा परवाना तिच्या पुढच्या मुख्य आवृत्तीलाही चालतो.

उणं काय? पडदा रुक्ष आहे. मेनूत मेनू, त्यात आणखी मेनू. सोबत इक्वलायझर, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब असं सगळं येतं. दिसायला सरकारी अर्जासारखं, ऐकायला उत्तम. पण पियानो, ड्रम, तंतुवाद्यं अशी तयार वाद्यं जवळजवळ नाहीत, ती प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा जादा भाग) म्हणून वेगळी मिळवावी लागतात. तुम्ही खरी गिटार वाजवता, त्यामुळे तुमचं यावाचून अडणार नाही.

तर तुमच्यासाठी रीपर. माझं कारण एकच आहे, टेक. तुम्ही एकच अंतरा चार वेळा गाल. रीपर ते चारही टेक एकाखाली एक धरून ठेवतं; पहिली ओळ दुसऱ्या टेकमधली, तिसरी ओळ चौथ्यातली, असं वेचून एक सलग गाणं बांधता येतं आणि कुठलाच टेक पुसला जात नाही. गाणाऱ्या माणसाला याच्याइतकी उपयोगाची सोय दुसरी नाही. सुरुवातीला मेनूंच्या जंगलात शिरू नका. नवा ट्रॅक घेणं, रेकॉर्ड करणं, क्लिप (रेकॉर्ड झालेला तुकडा) कापणं, तिच्या टोकांना फेड देणं (आवाज हळूहळू चढवणं-मावळवणं) आणि शेवटी रेंडर करणं (सगळ्यांची मिळून एक फाइल काढणं), एवढ्यावर पहिलं गाणं पुरं होतं. पुरं करा मात्र. तीन अर्धवट गाण्यांवरून सॉफ्टवेअर पारखता येत नाही.

दुसरे पर्याय विचारलेले नाहीत, तरी ओझरते सांगते. ट्रॅक्शनचं वेव्हफॉर्म फ्री खरोखर फुकट आहे आणि त्यात ट्रॅकच्या संख्येवर बंधन नाही. स्टुडिओत चालणाऱ्या प्रो टूल्सच्या ‘इंट्रो’ या लहान आवृत्तीत आवाजाचे आठच ट्रॅक मिळतात. दुहेरी गिटार आणि कोरस झाला की संपले. लिनक्सवाल्यांनी आर्डोर पाहावं.

एक सेटिंग आजच करून टाका : रेकॉर्डिंग २४-बिटमध्ये. १६-बिटचा आवाका, म्हणजे सर्वांत हळू ते सर्वांत जोरकस आवाजातलं अंतर, सुमारे ९६ डेसिबल, २४-बिटचा कागदोपत्री १४४. म्हणजे आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी शून्याला टेकवायची गरज उरत नाही. सर्वांत जोरकस ओळ उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास गेली की पुरे. पट्टी लाल झाली, आवाज फाटला, की तो कुठलंही सॉफ्टवेअर पूर्ववत करून देत नाही. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ४४.१ ठेवा नाहीतर ४८ किलोहर्ट्झ, त्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नका.

प्रश्न : मी आधी पेटी रेकॉर्ड करते आणि मग हेडफोन लावून तिच्यावर गाते. गाताना माझाच आवाज मला उशिरा ऐकू येतो. नंतर ऐकावं तर गाणं पेटीच्या मागे पडलेलं. सॉफ्टवेअर बदलून पाहिलं, तरी तेच. माझीच लय कच्ची आहे का?

उत्तर : लय तपासायची वेळ अजून आलेली नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि दोन्ही सॉफ्टवेअर बदलून जाणारी नाहीत.

पहिलं, गाताना उशिरा ऐकू येणं. संगणक आवाज थेंबाथेंबानं पुढे पाठवत नाही, सॅम्पलचा एक गठ्ठा भरला की पाठवतो. त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे जवळपास ६ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २३. आणि हा उशीर आत येताना एकदा, बाहेर जाताना पुन्हा. हवेत ध्वनीला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे ६ मिलिसेकंद म्हणजे पेटीवाला दोन मीटरवर बसलाय इतकंच, त्यानं कुणाचं बिघडत नाही. ४०-५० झाले की मात्र भलेभले अडखळतात.

उपाय सोपा आहे. तुमच्या इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ असं बटण किंवा फिरकी असेल. ती चालू करा, म्हणजे माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये येतो. त्याच वेळी सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर एक आवाज वेळेवर आणि एक मागून असा दुहेरी ऐकू येईल. इंटरफेस नसेल, लॅपटॉपलाच माइक जोडलेला असेल, तर बफर १२८ किंवा २५६ वर आणा. कडकड आवाज येऊ लागला की एक पायरी वर जा. मिक्सिंगच्या वेळी बफर पुन्हा १०२४ करा, तेव्हा उशिरानं काही बिघडत नाही आणि संगणकाला दम खाता येतो. विंडोजवर इंटरफेसच्या उत्पादकाचा एएसआयओ ड्रायव्हर (सॉफ्टवेअर आणि इंटरफेस यांना कमी उशिरानं जोडणारा दुवा) बसवा. श्टाइनबर्गनं ही पद्धत १९९७ मध्ये आणली ती याच रोगासाठी. मॅकवाल्यांना हा व्याप नाही.

आणि हेडफोन ब्लूटूथचा असेल तर वरचं सगळं विसरा. त्यात १०० मिलिसेकंदांहून जास्त उशीर सहज होतो. तारेचा हेडफोन लावा.

दुसरं दुखणं, रेकॉर्ड झालेलं गाणं मागे पडणं. ऐकू येताना आणि मुद्रित होताना झालेला एकूण उशीर सॉफ्टवेअरनं वजा करायचा असतो. रीपरसारखं सॉफ्टवेअर ड्रायव्हरला विचारून तो आपोआप वजा करतं. ऑडॅसिटीत त्यासाठी प्रेफरन्सेसमध्ये एक आकडा असतो, ‘लेटन्सी कॉम्पेन्सेशन’, आणि मुळात तो उणे १३० मिलिसेकंद ठेवलेला असतो. हा आकडा तुमच्या यंत्राचा असेलच असं नाही. तो मोजून घ्या : आकडा शून्य करा, क्लिकचा (ठरावीक लयीत वाजणाऱ्या टकटकीचा) एक ट्रॅक तयार करा, हेडफोनचा एक कान माइकला चिकटवा आणि क्लिक वाजवत दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. दोन्ही ट्रॅक मोठे करून पाहा. मूळ क्लिक आणि मुद्रित क्लिक यांत ९० मिलिसेकंदांचं अंतर दिसलं तर तिथे उणे ९० लिहा. हे एकदाच करायचं. यानंतरही गाणं मागे पडलं, तर मग तबलजीला विचारा.

प्रश्न : तबल्याच्या रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर येते. नॉइज काढणारं एआयचं सॉफ्टवेअर घ्यावं का? आणि क्लिक चारच मात्रांची असते, आम्ही रूपक वाजवायचा कसा?

उत्तर : पंखा बंद करा. चेष्टा करत नाही. पाच मिनिटं घाम आला तरी चालेल. एआयची बहुतेक स्वस्त साधनं बोलण्याच्या आवाजासाठी शिकवलेली आहेत. बोलणं ठेवायचं आणि बाकीचं उडवायचं, हे त्यांचं काम. आणि तबला त्यांच्या लेखी ‘बाकीचं’ असतो.

आधीच झालेल्या रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटीचं नॉइज रिडक्शन वापरा. तबल्याआधीची नुसत्या घरघरीची दोन-चार सेकंदं निवडून त्याला नमुना द्यायचा, मग पूर्ण ट्रॅक निवडून प्रक्रिया करायची. तिथला डेसिबलचा आकडा ६ च्या वर असेल तर ६ वर आणा. जास्त ओढलं की डग्ग्याची आस कापली जाते आणि चाटीमागे पाण्याखाली काचा हलल्यासारखा आवाज येतो. घरघर थोडी राहिली तर राहू द्या, मागे तानपुरा आला की ती ऐकूही येणार नाही. गायकांना मी ८० हर्ट्झखालचं, म्हणजे अगदी खर्जातलं, सगळं कापायला सांगते. डग्ग्याला तो सल्ला लावू नका, त्याची गंमत तिथेच राहते. रीपरमध्ये हेच घरघर वजा करण्याचं काम ‘रीफर’ नावाचं सोबत आलेलं प्लगइन करतं. यापुढे दर रेकॉर्डिंगच्या आरंभी दहा सेकंद कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. तो शांततेचा तुकडा नंतर फार कामी येतो.

रूपकासाठी प्रोजेक्टची मोजणी ७/४ करा, झपतालासाठी १०/४. रीपर, आर्डोर दोन्हींत होतं. क्लिक पहिल्या मात्रेवर ठणकावून वाजते. रूपकाची सम ‘खाली’वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर असते, हे तिला कोण सांगणार! रीपरच्या मेट्रोनोममध्ये कोणती मात्रा जोरात आणि कोणती हळू हे आपण ठरवू शकतो, तेव्हा पहिली हळू आणि चौथी, सहावी जोरात करून टाका. आलाप रेकॉर्ड करताना क्लिक बंद, आणि ‘स्नॅप’ही बंद, नाहीतर कापताना क्लिप जवळच्या मात्रेकडे उडी मारते.

प्रश्न : माझ्याकडे मॅक आहे. गॅरेजबँडवर भागेल की विकतचं घ्यावं?

उत्तर : भागेल. २००४ पासून ते चालत आलंय, मॅकबरोबर मिळतं, वाद्यंही भरपूर देतं, आणि पुढे कधी ॲपलचंच विकतचं लॉजिक घेतलंत तर गॅरेजबँडचा प्रोजेक्ट त्यात तसाच उघडतो. गॅरेजबँडमध्ये नेमकं कशावाचून अडलं हे एका वाक्यात सांगता येईल, त्या दिवशी विकतचं घ्या.

प्रश्न : संगणकच नाही, फोन आहे. काही होईल?

उत्तर : होईल. आयफोनवर गॅरेजबँड आहे. अँड्रॉइडवर बँडलॅब पाहा, ते संगणकाच्या ब्राउझरमध्येही उघडतं. नुसतं गाणं टिपायचं असेल तर रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये जाऊन वेव्ह किंवा लॉसलेस (आवाजातलं काहीही न गाळता साठवणारा प्रकार) निवडा, आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणारी किंवा नॉइज दाबणारी सोय दिसली तर बंद करा. ती बोलण्यासाठी असते. तान घेतली की खाली दाबते आणि श्वास वर आणते.

प्रश्न : माझं गाणं स्ट्रीमिंगवर इतरांपेक्षा बारीक वाटतं. मास्टरिंगचं (तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवण्याचं) सॉफ्टवेअर घेऊ का?

उत्तर : स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (गाणं कानाला किती मोठं वाटतं ते मोजण्याचं एकक) पातळीवर आणून वाजवतं. लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारं साधन) पिळून गाणं उणे ८ वर नेलंत तर स्पॉटिफाय ते खाली उतरवणार, आणि पिळलेला चोथा तेवढा उरणार. युलीन लाउडनेस मीटरची फुकट आवृत्ती रीपरमध्ये किंवा ऑडॅसिटीत लावून आधी मोजा. बहुतेक वेळा आकडा ठीक असतो आणि आवाज पेटीखाली गाडलेला असतो. ते मिक्सिंगचं काम आहे, त्याला खरेदी लागत नाही.

प्रश्न : मी बरीच वर्षं वापरत असलेलं फुकट सॉफ्टवेअर बंद होणार असं कळलं. त्यात माझी चाळीसेक गाणी आहेत. आता भरवशाचं म्हणून कोणतं घ्यावं? विकतचं तरी टिकतं का?

उत्तर : विकत घेतल्यानं टिकतं असं नाही. केकवॉकचा इतिहास पाहा. दशकानुदशकं विकलं जाणारं ते रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या वेळचा मालक गिब्सननं काम थांबवलं. पैसे भरलेले लोक हवालदिल झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँडलॅबनं ते घेतलं आणि फुकट वाटलं. २०२३ मध्ये ते पुन्हा विकण्याची घोषणा झाली. ऑडॅसिटीही २०२१ मध्ये म्यूझ ग्रुपकडे गेलं. पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे ते ज्यातून बनतं ती मूळ आज्ञावली, सर्वांना खुला आहे, त्यामुळे मालक बदलला तरी ते कुणाला गुंडाळून ठेवता येणार नाही. आर्डोरचंही तसंच. भरवसा हवा असेल तर माझं झुकतं माप या दोघांना.

पण तुमचं खरं काम सॉफ्टवेअर निवडण्याचं नाही, जुनं उघडतंय तोवर गाणी बाहेर काढण्याचं आहे. लोक इथे प्रोजेक्टची फाइल जपून ठेवतात. त्या फाइलमध्ये गाणं नसतं, कोणता तुकडा कुठे लावलाय याची यादी असते. ती वाचणारं सॉफ्टवेअर गेलं की यादी मुकी. दर गाण्याचा प्रत्येक ट्रॅक वेगळा, गाण्याच्या शून्याव्या सेकंदापासून शेवटापर्यंत, २४-बिट वेव्हमध्ये एक्स्पोर्ट करा. बासरी तिसऱ्या मिनिटाला येत असली तरी तिची फाइल शून्यापासूनच हवी, आधीची शांतता धरून. मला येणाऱ्या फाइलींत हीच गोष्ट नसते आणि मग बासरी कुठे ठेवायची हे शोधत बसावं लागतं. इफेक्टसह एक प्रत आणि इफेक्ट काढून एक, अशा दोन काढा. मिडीचे ट्रॅक मिडी फाइल म्हणूनही ठेवा आणि त्या वाद्यांचा वाजलेला आवाज वेव्हमध्येही, कारण उद्या ते वाद्याचं प्लगइन असेलच असं नाही. फोल्डरच्या नावात लय आणि पट्टी लिहा.

जागेची धास्ती नको. ४८ किलोहर्ट्झ, २४-बिट, मोनो म्हणजे मिनिटाला ९ एमबीपेक्षाही कमी. दहा ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं साडेचारशे एमबीच्या आत बसतं. फारच वाटलं तर फाइली ‘फ्लॅक’ या प्रकारात करा. आकार बराच घटतो आणि आवाजातलं काहीही जात नाही. एमपी३ करू नका.

सगळं काढून झालं की पाच-सहा गाण्यांचे फोल्डर ऑडॅसिटीत उघडा. सगळ्या फाइली एकदम आत ओढा, काहीही सरकवू नका, आणि प्ले दाबून शेवटपर्यंत ऐका. कुठला ट्रॅक पुढेमागे पळत असेल किंवा रिकामा निघाला असेल तर तो जुन्या सॉफ्टवेअरमधून पुन्हा काढा. ते अजून चालतंय तोवरच हे जमेल, तेव्हा सर्वांत आवडत्या गाण्यांपासून सुरू करा आणि या महिन्यातच करा.